हालचाल आढळली

सोहारच्या बंदरात माझी नोकरी पाहण्याची.
सोळा पडदे, एक खुर्ची, सुलेमानी चहाचा कागदी पेला.
क्रेन, कंटेनर, फाटक क्रमांक चार,
कुंपणाच्या तारेत अडकलेली निळी पिशवी.
बारा तास मी बघतो
काही घडत नाही ना.
न घडण्याचे पैसे मिळतात.

खोलीवर आलो की सतरावा पडदा.
तळहाताएवढा. त्याचे पैसे मी भरतो.

मे महिन्यात गेलो तेव्हा ओटीच्या वाशाला
कॅमेरा ठोकला. आप्पा खाली स्टूल धरून.
"चोरण्यासारखं काय आहे इथे? फणस?"
तुमच्यासाठी, म्हटलं.
"मी कुठे चोरीला जातोय!"

काही हललं की फोन वाजतो:
हालचाल आढळली. ओटी.
भाषा मीच निवडली होती, मराठी.
पहिल्या आठवड्यात एकशे बारा वेळा आढळली:
मांजर. वाळत घातलेला पंचा. माडाची सावली.
भिंगावर बसलेला पतंग, गरुडाएवढा.
आणि एकदा आप्पा,
कवळी काढून ठेवलेली, तोंड भरून जांभई देताना.
ती त्यांनी कुणाला दाखवली नसती.
मी समुद्रापलीकडून पाहिली,
न विचारता.

वरच्या बंकवर लतीफ मुकादम, खेडचा.
त्याचे अब्बा बहारीनहून कॅसेट भरून पाठवायचे.
गावी जाणारा कुणी सापडेपर्यंत महिना जायचा.
मध्येच अब्बा खोकतात, कुणीतरी दार लोटतं,
मग नुसती खरखर.
"अम्मा ती खरखरसुद्धा ऐकायची, पुन्हा पुन्हा.
बातमी शिळी यायची, पण आख्खी यायची."
असं म्हणणारा हाच लतीफ
रोज रात्री बादलीला फोन टेकवून, कांदा चिरत,
मुलीकडून भागाकार करून घेतो.
"हे नसतं तर तिच्यासाठी मी
भिंतीवरचा फोटो झालो असतो."
डोळे पुसतो. म्हणतो, कांदा.

ऑगस्टात एका रात्री
सहा तास काहीच आढळलं नाही.
मांजरही नाही.
मी खोलीत उभा, फोन हातात,
आणि पडद्यावर चक्राकार फिरणारा एक पांढरा ठिपका.
शेजारच्या दर्शनावहिनींना उठवलं. त्या बिचाऱ्या
बॅटरी घेऊन, चिखल तुडवत गेल्या, दार बडवलं.
वीज गेली होती. बस, एवढंच.
आप्पा फोनवर कडाडले:
"झोपलेल्या माणसाला उठवून
जिवंत आहेस का विचारतात होय?"

त्यानंतर ते रोज येतात.
तिकडे साडेनऊ, इकडे आठ.
ओटीवर काहीच काम नसतं.
कॅमेऱ्यासमोर उभे राहतात, वर न बघता,
डास हाकलल्यासारखा एक हात हलवतात
आणि आत जातात.
दिवा मालवतात.

रविवारी बोलतो तेव्हा हा विषय निघत नाही.
पाऊस निघतो, गुडघा निघतो,
गॅसवाल्याने किती जास्त घेतले ते निघतं.
"बाकी काय हालचाल?" ते विचारतात.
"ठीक," मी म्हणतो.
कॅमेऱ्यातून बोलताही येतं, बटण आहे.
मी ते कधी दाबलं नाही.
अंधारात एकट्या माणसाशी वाशाने का बोलावं?

या महिन्यात रात्रपाळी.
फोन दारातल्या लॉकरमध्ये जमा, नियम आहे.
आठ वाजतात. मला ठाऊक असतं,
त्या लोखंडी कप्प्यात, चाव्यांच्या नि डब्यांच्या शेजारी,
आत्ता उजेड पडला असेल
आणि विझला असेल.

माझ्या डोक्यावरही एक कॅमेरा आहे.
मस्कतच्या कचेरीत कुणीतरी
मी झोपत नाही ना, बघत असतो.
काल आठला मी हात वर केला,
डास हाकलल्यासारखा.
या एसीत डास जगत नाही.